पोरांना म्युझियमला न्यायचंय, पण कुठल्या?

प्रश्न: मुलगा दहाचा, मुलगी सहाची. सुट्टीत शनिवारवाड्याला नेलं तर आत फिरून झाल्यावर चिरंजीव विचारतात, "आई, पण वाडा कुठाय?" तेव्हापासून म्युझियम म्हटलं की दोघं तोंड वाकडं करतात. पुण्यात गर्दीची ठिकाणं सोडून अजून काय दाखवण्यासारखं आहे?
— एक आई, चिंचवड

उत्तर: अहो ताई, पोराचं काय चुकलं? १८२८ च्या आगीत आतलं सगळं जळालं, राहिला तट, दरवाजे, जोती नि कारंजी, आता मोकळ्या हिरवळीवर उभं राहून दहा वर्षांच्या पोराने पेशवाई इमॅजिन करायची म्हणजे जरा जास्तच झालं. उभा वाडा बघायचा तर बाजीराव रोडवरचा विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमाराला बांधला, पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये इंग्रजांनी तिथंच संस्कृत पाठशाळा काढली. लाकडी सुरूदार खांब आणि रस्त्यावर आलेला सज्जा, एवढं नीट बघितलं तरी काम झालं. डागडुजी चालू असली की आत सोडत नाहीत, म्हणून आधी चौकशी करा, तशी दर्शनी बाजू फुटपाथवरूनही मस्त दिसते.

तिथून राजा केळकर म्युझियम चालत जाण्यासारखं आहे. ते तसं प्रसिद्धच, पण लोक मस्तानी महाल बघतात आणि बाकीच्या दालनांतून धावत सुटतात. मी म्हणेन उलटं करा, अडकित्ते आणि वज्र्यांपाशी थांबा, आणि शक्य असेल तर आजीला बरोबर न्याच. घोड्याचे, पोपटाचे, माणसांचे आकार दिलेले पितळी अडकित्ते बघून पोरं "हे काय खेळणंय का?" विचारणार, मग आजी सुपारी कशी कातरायची ते हवेतल्या हवेत करून दाखवणार, आणि टाच घासायच्या वज्रीवर एवढी नक्षी कशाला यावर दोघींचं तिघांचं जे काही चालेल ते पाटीवर लिहिलेल्या माहितीपेक्षा शंभर पटीने भारी. काका केळकरांनी हे सगळं गावोगाव हिंडून जमवलं आणि लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव म्युझियमला दिलं, हे मोठ्याला सांगा, धाकटीला एवढ्यात नको.

दुसऱ्या दिवशी (त्याच दिवशी नको, प्लीज) गंज पेठेतला महात्मा फुले वाडा. पेशवे-सरदारांचे वाडे बघून आलेल्या पोरांना हे घर अगदीच साधं वाटेल, वाटू दे. आवारातला पाण्याचा साठा दाखवा आणि विचारा, कोणी तुम्हाला पाणीच भरू दिलं नाही तर? मग सांगा, १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. सहा वर्षांच्या मुलीलाही हे कळतं, तहान सगळ्यांनाच लागते. समाधीही तिथंच आहे.

आणि एवढं करूनही तोंड वाकडंच राहिलं तर कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम, १९९८ पासून एका घरच्यांनी चालवलेलं. सिग्नल, रूळ, बोगदे, सगळं चालू असतं, शो बसून बघायचा. इतिहास-बितिहास काही नाही, पण बापमंडळी पोरांपेक्षा जास्त पुढे सरकून बसतात हे सांगून ठेवते.

प्रश्न: आम्ही मुंबईचे, नातू आठ वर्षांचा आणि बसवेडा. फार खर्च नको, फार चालणं नको, माझे गुडघे दुखतात.
— एक आजोबा, मुलुंड

उत्तर: बसवेडा आहे ना, मग आणिक डेपोतलं बेस्टचं म्युझियम सोडू नका! घोड्याच्या ट्रामपासून (१८७४) डबलडेकरपर्यंतची मॉडेलं, जुनी तिकिटं, कंडक्टरची यंत्रं. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, म्हणजे तुम्ही स्वतः बसला असाल तर तिथं गाइड तुम्हीच. वार आणि वेळ मात्र फोन करून विचारा, उगाच हेलपाटा नको.

गावदेवीचं मणिभवन पण छान आहे पण जिने आहेत, तेव्हा गुडघ्यांचा अंदाज घेऊन ठरवा. १९१७ ते १९३४ गांधीजी मुंबईत आले की तिथं उतरायचे. वरती छोट्या बाहुल्यांचे देखावे मांडलेत, एकेका काचेत एकेक प्रसंग, नातू तिथंच रेंगाळेल. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे गांधीजींना याच घराच्या गच्चीवरून अटक झाली, तेवढं त्याला सांगून ठेवा म्हणजे वर जायला आपणहून घाई करेल.

प्रश्न: दीड वर्षाच्या बाळाला घेऊन वाडे बघता येतात का?
— नवी आई, सातारा

उत्तर: येतात, पण बाबागाडी घरीच ठेवा. उंच उंबरठे, अरुंद उभे जिने, गाडी उचलण्यातच जीव जातो. कडेवर किंवा कॅरियरमध्ये घ्या, सकाळी उघडल्या उघडल्या जा, आणि बाळाचं खाणं-लंगोट सगळं आत शिरायच्या आधी उरकून घ्या, कारण जुन्या घरांत त्यासाठी वेगळी सोय असेल अशी आशा धरूच नका.