परमकॅथजवळची कातडी गरम लागते का ते जरूर बघा, पण हुडहुडी भरली तर गन बाजूला ठेवा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. सासऱ्यांना तीन महिन्यांपासून उजव्या बाजूला परमकॅथ, म्हणजे डायलिसिससाठी मोठ्या शिरेत ठेवलेली नळी (कॅथेटर) आहे, मंगळवार-शुक्रवार डायलिसिस आणि सेंटर घरापासून ४० किलोमीटर. करोनाच्या वेळची टेम्परेचर गन घरात आहे, तिने कपाळावर ३६.२ आणि कॅथेटरजवळ छातीवर ३४.८ दाखवलं. हे इन्फेक्शन आहे का, आणि किती आकडा आला की घाबरायचं, असं तुम्ही विचारलंय. मी २३ वर्षं डायलिसिस युनिटला सिस्टर होते, त्यातली बरीच वर्षं कॅथेटरची ड्रेसिंगं करण्यातच गेली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमचा जीव भांड्यात पडू दे. ३४.८ मध्ये घाबरण्यासारखं काही नाही. अंगातलं तापमान ३७ च्या आसपास असतं, पण कातडीचं त्याहून कमी, साधारण ३२ ते ३५. कपाळाचंही खरं तितकंच असतं. गन त्यात आपला हिशेब मिळवून तोंडात थर्मामीटर धरल्यावर येईल तसा आकडा दाखवते. हा हिशेब फक्त कपाळासाठी केलेला असतो, छातीवर किंवा मानेवर तो लागू पडत नाही. तुमच्या गनवर ‘बॉडी’ आणि ‘सरफेस’ असे दोन मोड असतील. कॅथेटरच्या बाजूला मोजायचं तर ‘सरफेस’ लावा. आणि हे पक्कं धरा की त्या आकड्याला एकट्याला अर्थ नाही. पंखा लागला की तो खाली जातो, उन्हातून आलं की वर.

अर्थ असतो तो फरकाला. उजवीकडे कॅथेटर आहे, डावीकडे नाही. दोन्ही बाजूंना तीच जागा, तीच वेळ, तीच गन. घरगुती गन सरफेस मोडमध्ये एखाद-दुसरी डिग्री सहज चुकते, पण ती दोन्हीकडे सारखीच चुकते. म्हणून वजाबाकी बऱ्यापैकी खरी निघते. मधुमेहींच्या पायासाठी हीच पद्धत वापरतात: दोन्ही तळव्यांवर त्याच त्याच जागी रोज मोजायचं, आणि एका जागी २.२ डिग्री सेल्सिअस, म्हणजे ४ फॅरनहाइटहून जास्त फरक राहिला तर चालणं कमी करून डॉक्टरांना पाय दाखवायचा. अमेरिकेत यावर रीतसर अभ्यास झाले आणि घरी असं मोजणाऱ्यांच्या पायाला जखमा कमी झाल्या. त्याच्याही आधी डॉ. पॉल ब्रँड, जे वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम करायचे, त्यांनी पुढे अमेरिकेत कारव्हिलला बधिर पायांचं तापमान मोजण्यावर काम केलं. ज्या पायाला दुखणं कळत नाही, त्याची आतली दुखापत कातडीच्या उष्णतेवरून कळते, हे त्यामागचं सूत्र.

कॅथेटरसाठी मात्र पायासारखा ठरलेला आकडा नाही. त्यामुळे ‘अमुक डिग्री झाली की इन्फेक्शन’ असं तुम्हाला कुणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी घरच्यांना एवढंच सांगायचे: रोज फरक जेवढा असतो तेवढाच आहे ना, की दोन दिवस सलग वाढतोय? वाढत असेल तर सेंटरला फोन करा. आकडा केवढा का असेना.

आता मोजायचं कुठे, हे नीट समजून घ्या, कारण इथेच लोक चुकतात. परमकॅथ मानेतल्या मोठ्या शिरेत शिरतो, तिथून कातडीखालून गळ्याच्या हाडावरून खाली येतो आणि छातीवर बाहेर पडतो. बाहेर पडतो ते भोक म्हणजे एक्झिट साइट, आणि कातडीखालचा रस्ता म्हणजे टनेल. भोकापासून थोडं आत एक कापडी कफ असतो, त्यात मांस रुजतं आणि कॅथेटर घट्ट बसतो. कफ नीट रुजला की बाहेरचे जंतू कडेकडेने आत सरकायला अडतात. एक्झिट साइटवर ड्रेसिंग असतं, पण टनेलचा वरचा भाग, मानेपासून गळ्याच्या हाडापर्यंतचा, बहुतेकांचा उघडाच असतो. घरी मोजायचं ते या पट्ट्यावर, आणि डावीकडे बरोबर समोरासमोर.

मोजण्यासाठी ड्रेसिंग उघडू नका. हे ठळक लिहिते, कारण एका घरात मी हे होताना पाहिलंय. मुलगा फार काळजीचा, रोज ड्रेसिंगची कड उचलून गन लावायचा आणि परत चिकटवायचा. पंधरा दिवसांत तिथे पू. ड्रेसिंग सेंटरलाच उघडलं जाऊ दे. ड्रेसिंगवरून मोजलं तर गन ड्रेसिंगचं तापमान सांगते, खालच्या कातडीचं नाही, तेही उपयोगाचं नाही.

बाकी काळजी साधी आहे. शर्ट-बनियन काढून पंधरा-वीस मिनिटं सावलीत बसू द्या, पंखा अंगावर नको. आंघोळीनंतर किंवा स्पिरिट लावल्यावर लगेच मोजू नका, कारण उडून जाणारं स्पिरिट कातडी थंड करतं. गन जवळ धरा, पाच सेंटिमीटरच्या आत, पण टेकवू नका. लांब धरली की ती मोठ्या वर्तुळाची सरासरी घेते आणि छोटी गरम जागा त्यात हरवून जाते. ज्या कुशीवर झोपले असतील ती बाजू गरम असते, म्हणून उठल्या उठल्याही नको. तीनदा मोजून मधला आकडा कॅलेंडरवर लिहा.

गन नसेल तर हाताची मागची बाजू वापरा, बोटांच्या पेरांची. तळव्यापेक्षा तिला गरम-थंड लवकर कळतं. आम्ही सिस्टर लोक हेच करत आलो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०११ च्या सूचनांमध्येही ड्रेसिंग न उघडता त्यावरून हाताने चाचपून दुखतंय का बघायला सांगितलंय. हात धुऊन, हलकेच.

आपल्याकडे उष्णतेला अजून एक महत्त्व आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं ‘लाली दिसली की सावध व्हा’. गोऱ्या कातडीवर लाली लगेच दिसते. उन्हातान्हात शेती केलेल्या आपल्या माणसाच्या सावळ्या छातीवर ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. फार तर जागा जरा काळपट, चकाकती वाटते. उष्णतेला रंगाशी देणंघेणं नाही. गन जे किरण मोजते ते काळ्या-गोऱ्या कातडीतून सारखेच निघतात. म्हणून मला ही सवय मनापासून आवडते.

आता यापुढचं नीट वाचा, कारण सगळ्यात मोठा धोका इथे आहे.

कातडीची उष्णता फक्त दोन गोष्टी सांगते: भोकाजवळ इन्फेक्शन आहे का आणि टनेलमध्ये आहे का. नळीच्या आतलं ती सांगत नाही. कायम ठेवलेल्या कॅथेटरमध्ये जंतू बहुतेक वेळा बाहेरच्या टोकातून, म्हणजे टोपण काढून मशीनला जोडतो तिथून, नळीत शिरतात. आतल्या भिंतीला त्यांचा बुळबुळीत थर धरतो आणि तिथून ते थेट रक्तात जातात. कातडीला त्याचा पत्ताच नसतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या सफदार आणि माकी यांनी २००२ मध्ये हजारावर कॅथेटरांचा अभ्यास छापला. ते थोड्या दिवसांसाठी घातलेले, बिनकफचे कॅथेटर होते, पण निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे: ज्यांच्या रक्तात कॅथेटरमुळे इन्फेक्शन झालं, त्यांच्यातही भोकाजवळ सूज, लाली, दुखणं जवळजवळ नव्हतंच. कातडीवर नेहमी राहणारे काही स्टॅफिलोकोकस जंतू असेच मवाळ असतात, जागेवर गाजावाजा करत नाहीत.

आमच्याकडे सिन्नरकडचे एक काका यायचे. त्या दिवशी ड्रेसिंग मीच बदललं. भोक कोरडं, खपली नाही, हात लावून बघितलं तर दोन्ही बाजू सारख्या. ताप बघितला, ३६.६. मशीन चालू केलं. वीसेक मिनिटं झाली असतील, काका म्हणाले, “सिस्टर, पंखा बंद करा.” पंखा बंदच होता. मी पांघरूण टाकेपर्यंत दातावर दात आपटायला लागले, खाट हलायला लागली. मशीन सुरू होतं तेव्हा मिनिटाला २५०-३०० मिली रक्त त्या नळीतून वाहतं, आत बसलेले जंतू सुटून एकदम अंगात जातात. म्हणून डायलिसिस सुरू झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात हुडहुडी भरली की आधी कॅथेटरवर संशय घ्यायचा. डॉक्टरांनी लगेच कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखायची तपासणी, पाठवलं, अँटिबायोटिक सुरू केलं, कॅथेटर बदलला, काका बरे झाले. पण अर्ध्या तासापूर्वी त्याच कातडीवर हात ठेवून मी “छान आहे हो काका” म्हणाले होते, ते मी विसरलेले नाही.

म्हणजे जागा गरम लागली तर तो निरोप खरा माना. गार लागली तर त्यावर विसंबू नका.

तापाचंही एक सांगते. किडनीच्या पेशंटचं अंग मुळातच जरा थंड असतं. ज्यांचं रोजचं ३६ असतं त्यांना ३७.४ हा तापच आहे, ३८ ची वाट बघायची नाही. म्हणून आठवडाभर, बरे असताना, काखेत साधा डिजिटल थर्मामीटर लावून त्यांचं ‘रोजचं’ काय ते लिहून ठेवा; तापासाठी गनवर अवलंबून राहू नका. डायलिसिसच्या मशीनचं पाणी थोडं थंड ठेवलेलं असलं तर तिथे ताप दबलेला दिसू शकतो. अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल घेतलं असेल तर तसं सिस्टरला सांगा, नाहीतर आम्ही फसतो.

थंडी वाजून आली, किंवा ताप नसतानाही ते गळून गेले, बरळायला लागले, बीपी नेहमीपेक्षा खाली गेलं, तर शुक्रवारपर्यंत थांबू नका. रात्रीचे दोन वाजले तरी फोन करा आणि निघा. गावातल्या डॉक्टरकडून अँटिबायोटिकचं इंजेक्शन आधी घेऊ नका, जर मोठं हॉस्पिटल तास-दीड तासावर असेल तर. आधी कल्चरचं रक्त घेतलं गेलं पाहिजे: एक कॅथेटरमधून, एक दुसरीकडून. कॅथेटरची बाटली दुसरीपेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी पॉझिटिव्ह आली तर जंतूंचं घर कॅथेटरच आहे असं धरतात. आधीच औषध गेलं तर बाटलीत काही उगवत नाही आणि डॉक्टरांना अंदाजाने चालावं लागतं. मात्र पेशंट फारच खचला असेल तर जे जवळ मिळेल ते घ्या, तिथे जीव आधी.

टनेल गरम, दुखरा, दाबल्यावर भोकातून पू, असं झालं तर बहुधा कॅथेटर काढावाच लागतो. फक्त भोकाजवळ असेल तर औषधावर निभावतं. म्हणून लवकर कळण्याला किंमत आहे.

शुक्रवारी दोन कामं करा. ड्रेसिंग उघडलं की सिस्टरला सांगा, दोन्ही बाजूंना हात लावून बघा आणि फाइलवर लिहा. चांगली सिस्टर नाही म्हणणार नाही. जोडताना-काढताना सासऱ्यांनी मास्क लावावा आणि तोंड डावीकडे वळवावं. दुसरं, डॉक्टरांना फिस्टुलाची, म्हणजे हातातली शीर धमनीला जोडून डायलिसिससाठी जागा करण्याच्या ऑपरेशनची, तारीख विचारा. तीन महिने झालेत, फिस्टुला करून पिकायला अजून सहा-आठ आठवडे तरी लागतील. सर्जन जो हात ठरवतील, बहुधा डावा, त्या हातावर आजपासून सलाईन नाही, रक्त काढणं नाही, बीपीचा पट्टा नाही. गावातल्या दवाखान्यातही तसं सांगून ठेवा.