देश वाढेल, पण ४० लाख एकाच फंडात नकोत

प्रश्न : वय ५१. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या कंपनीतून व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतली, हातात ४८ लाख आले. घर पत्नीच्या पगारावर चालतं. गृहकर्जाचे ६ लाख बाकी आहेत, मुलीच्या इंजिनीअरिंगला १२ लाख लागतील. भारत चीनच्या वाटेवर आहे, लोकसंख्या तरुण आहे, परदेशी पैसा येतोय. ४० लाख मॅन्युफॅक्चरिंग फंडात (कारखानदारी कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात) एकरकमी टाकू का?

उत्तर : नका टाकू. देशाबद्दलचा तुमचा अंदाज चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण देश वाढला म्हणजे भागधारकाच्या पदरात पैसे पडतातच असं नाही, आणि हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते चीनमध्येच.

ऑक्टोबर २००७ मध्ये शांघायच्या शेअर बाजाराचा निर्देशांक ६,१२४ वर गेला. त्यानंतर चीनची अर्थव्यवस्था डॉलरमध्ये सुमारे पाचपट झाली, तरी २०२४ संपताना निर्देशांक ३,३५० च्या आसपासच होता. कारखाने उभे राहिले, लाखो तरुणांना कामं मिळाली, हे सगळं खरं. पण शेअर आधीच महागात विकले गेले होते. त्यात एकाच मालाचे ढीगभर कारखाने निघाले की भाव कोसळतात. सोलर पॅनेलचं तेच झालं. जगाला पॅनेल स्वस्त मिळालं आणि बनवणारे तोट्यात गेले. अंबडमध्ये तुम्ही हे जवळून पाहिलं असेल. ऑर्डरी वाढतात, पण मोठी वाहन कंपनी सुट्या भागांचे दर दरवर्षी खाली आणायला लावते आणि वाढलेल्या कामाचा नफा तिच्याकडेच जातो.

परदेशी पैशाचं गणित तर आणखी वेगळं. जानेवारी २००८ मध्ये २१,००० वर पोचलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात ८,००० च्या खाली आला होता. त्या दहा महिन्यांत आपली लोकसंख्या काही म्हातारी झाली नव्हती. अमेरिकेत बँका अडचणीत आल्या आणि परदेशी संस्थांनी इथले शेअर विकून पैसा परत नेला. असं पुन्हा घडलं आणि नेमकी तेव्हाच मुलीची फी भरायची असली तर?

म्हणून मी अशी विभागणी करेन. फीचे १२ लाख वर्षवार मुदत ठेवींत. ६ लाखांनी कर्ज फेडून टाका. ६ लाख अडीअडचणीसाठी लिक्विड फंडात, म्हणजे पैसे लवकर काढता येतील अशा फंडात. ८ लाख चांगल्या डेट फंडात, म्हणजे शेअरऐवजी कर्जरोख्यांत पैसे लावणाऱ्या फंडात. १३ लाख निफ्टी इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टी निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात, तेही एसटीपी लावून (एका फंडातून दुसऱ्यात ठरावीक रक्कम नियमित वळवत) दोन वर्षांत हळूहळू. राहिलेले ३ लाख मॅन्युफॅक्चरिंग फंडात जरूर ठेवा. तुमच्या विश्वासाला तेवढी जागा असायलाच हवी.

यातलं काहीही करण्याआधी फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा कंपनीने दिलेला दाखला) घेऊन सीएकडे जा. व्हीआरएसच्या भरपाईतली, अटी पाळल्या असतील तर, ५ लाखांपर्यंतचीच रक्कम करमुक्त असते. बाकीवर कर द्यायचा राहिला असेल तर तो डेट फंडासाठी ठेवलेल्या ८ लाखांतून भरा.