बर्फावर पाय ठरत नाही? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरणाऱ्यांची पत्रं एरवी गळ, आमिष आणि माशांच्या ठिकाणांबद्दल असतात. या खेपेला बहुतेकांनी बुटांबद्दलच विचारलं आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : थंडीसाठीचे जाड, खोल नक्षीच्या सोलचे बूट घेतले. हिमातून छान चालता येतं, पण तळ्यावरच्या उघड्या बर्फावर पाय ठरत नाही. बुटात दोष आहे का?

नाही. खोल नक्षी भुसभुशीत हिमात रुतते, तिथे तिचा उपयोग होतो. गुळगुळीत बर्फात ती रुतणार कशात? उलट नक्षीमुळे बर्फाला टेकणारं रबर कमी होतं. शिवाय तापमान शून्याखाली असलं तरी बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा अतिशय पातळ थर असतो आणि शून्याच्या जवळ तो वाढत जातो. म्हणूनच उणे वीसच्या सकाळी बऱ्यापैकी धरून चालणारा बूट दुपारी ऊन पडून पृष्ठभाग ओला झाला की दगा देतो.

रबराचा प्रकारही पाहा. स्वस्त पीव्हीसीचे सोल थंडीत लाकडासारखे कडक होतात. नैसर्गिक रबर बरंच मऊ राहतं. बूट रात्रभर बाहेर ठेवून सकाळी सोल अंगठ्याने दाबून पाहिला की फरक कळतो. रबरात काचेचे बारीक तंतू मिसळलेले सोलही निघाले आहेत आणि ओल्या बर्फावर ते साध्या रबरापेक्षा चांगली पकड देतात. टोरोंटोच्या काइट संशोधन संस्थेत माणसांना बर्फाच्या जमिनीवर चालायला लावून ती जमीन हळूहळू कलती करतात आणि बूट कोणत्या कोनाला घसरतो ते मोजतात. किमान पातळी फक्त ७ अंशांची, म्हणजे घर्षणांक साधारण ०.१२. एवढीशी अटही बाजारातल्या अनेक बुटांना पेलवली नाही. तेव्हा चांगला सोल घ्या, पण तळ्यावर त्याच्या एकट्याच्या भरवशावर जाऊ नका. उघड्या बर्फाला धातूचं टोक हवंच.

प्रश्न : बुटावर चढवायच्या रबरी जाळ्या, म्हणजे क्लीट, अनेक प्रकारच्या दिसतात. तारेच्या वेटोळ्यांच्या, छोट्या खिळ्यांच्या, साखळीला दात असलेल्या. मासेमारीला यातली कोणती घ्यावी?

एकच घ्यायची असेल तर टंगस्टन कार्बाइडच्या टोकांचे छोटे खिळे असलेली, आणि तीही चवडा व टाच दोन्ही झाकणारी.

तारेच्या वेटोळ्यांची जाळी दाबल्या गेलेल्या हिमाच्या पायवाटेसाठी ठीक आहे. वेटोळ्याची तार गोल असते. नितळ, टणक बर्फावर ती रुतत नाही, नुसती टेकते आणि बाजूचा जोर आला की सरकते. तार झिजून तुटली की तिचं टोक रबर कापतं, ते वेगळंच. पुष्कळ लोक पहिली खरेदी हीच करतात आणि मग ‘क्लीट वापरूनही पडलो’ अशी तक्रार करतात.

कार्बाइडचे खिळे रबराबाहेर २ ते ५ मिलिमीटरच डोकावतात, पण टोक अतिशय कठीण असतं. याचा खरा फायदा कडाक्याच्या थंडीत कळतो. तापमान उतरतं तसा बर्फ कठीण होत जातो. बोथट झालेलं साध्या पोलादाचं टोक तेव्हा वर ओरखडा काढून निसटतं, कार्बाइडचं रुततं. खिळे आखूड असल्याने पाय जवळजवळ सपाट पडतो, घोटा मुरगळण्याची भीती कमी राहते, आणि भोकापासून भोकापर्यंत दिवसभर फिरताना तळवे दुखत नाहीत.

साखळीला जोडलेले सुमारे एक सेंटिमीटरचे पोलादी दात तळ्यावर उतरण्याचा चढउतार असेल, वर दोन-चार बोटं हिम असून खाली बर्फ असेल, किंवा सामानाने भरलेली घसरगाडी ओढायची असेल तेव्हा घ्या. आखूड खिळा अशा हिमातून खालच्या बर्फापर्यंत पोहोचत नाही, दात पोहोचतो. मात्र खडकावर किंवा बर्फ वितळून उघड्या पडलेल्या वाटेवर हे दात पाय उचलून धरतात आणि घोटा वळतो. गिर्यारोहणाचे दहा-बारा दातांचे क्रॅम्पन सपाट तळ्यावर नकोतच. लांब दात दुसऱ्या पायाच्या विजारीत अडकतो आणि माणूस त्यानेच तोंडावर पडतो.

फक्त चवड्यापुरत्या बसणाऱ्या पट्ट्याही मिळतात. त्या घेऊ नका. चालताना आधी टाच टेकते. ती पुढे सरकली की माणूस पाठीवर पडतो आणि डोकं आपटतं. टाचेखाली टोकं नसतील तर घसरण नेमकी जिथे सुरू होते तीच जागा मोकळी राहते. चवड्याखालची टोकं ओढताना आणि गिरमिट फिरवताना लागतात. यंत्राचं गिरमिट बर्फात अडकलं की झटका अख्ख्या अंगाला बसतो. त्या क्षणी दोन्ही पाय जागेवर राहिले पाहिजेत.

प्रश्न : जाळ्यांच्या कटकटीपेक्षा बुटाच्या सोललाच स्क्रू मारले तर? कोणते, किती आणि कुठे?

मासेमारीसाठी वेगळे बूट ठेवत असाल तर हा उत्तम उपाय आहे. निसटण्याचा प्रश्न नाही, रक्ताभिसरण दाबलं जात नाही. रोजच्या वापराच्या बुटांना मात्र मारू नका, कारण फरशीवर आणि गाडीच्या पेडलवर तेच स्क्रू घसरतात.

पत्र्याला मारतात तसे षटकोनी डोक्याचे ८ नंबरचे स्क्रू घ्या, लांबी तीन अष्टमांश इंच, म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटर. डोक्यावर खाच आणि भोवती उभी कड असलेलेच हवेत. पकड त्या कडेची असते. टोक तर सोलच्या आत जातं. बुटांसाठी खास कार्बाइडच्या टोकाचे रुंद आट्यांचे स्क्रूही मिळतात. ते जास्त टिकतात.

आधी सोलची जाडी मोजा. आतलं अस्तर आणि इनसोल काढून एक सरळ काठी टाचेवर उभी टेकवा आणि बुटाच्या वरच्या कडेशी खूण करा. मग तीच कड बाहेरून जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. दोन मापांतला फरक ही सोलची जाडी. चवड्याचा सोल टाचेपेक्षा पातळ असतो, तेव्हा तिथे बेताने घ्या. स्क्रूचा दांडा आणि बुटाची आतली बाजू यांच्यात किमान ३ मिलिमीटर रबर राहिलं पाहिजे. ते राहत नसेल तर त्या जागी स्क्रू नाही.

स्क्रू नक्षीच्या उंचवट्यांवर मारायचे, खाचेत नाही. कडेपासून निदान ६ मिलिमीटर आत. चवड्याच्या परिघावर ६ ते ८, टाचेला ४ ते ५. मधोमध मारू नका: शरीराचा भार तिथे येतो आणि तासाभरात प्रत्येक स्क्रू तळव्याला जाणवू लागतो. रबराला आधी भोक पाडायची गरज नसते. ड्रिल सावकाश फिरवा आणि डोकं टेकताक्षणी थांबा. आणखी आवळलंत तर रबरातले आटे फाटतात, स्क्रू जागच्या जागी फिरत राहतो आणि पहिल्याच फेरीत गळून पडतो. असं झालंच तर त्याच भोकात १० नंबरचा स्क्रू बसवा. शेवटी बुटात हात घालून सगळा तळ चाचपून पाहा.

एक अपवाद लक्षात ठेवा. दुहेरी रबराच्या भिंतीत उष्णतारोधक थर बंद करून ठेवलेले, बाजूला हवेची छोटी झडप असलेले लष्करी पद्धतीचे बूट असतील तर त्यांना स्क्रू लावायचाच नाही. एक भोक पडलं की पाणी आतल्या थरात शिरतं आणि बुटाची ऊब कायमची जाते.

प्रश्न : माझ्या मापाचीच जाळी घेतली, तरी अर्ध्या वाटेत टाचेतून निसटते. पतीच्या बुटावर ती इतकी घट्ट बसते की बोटं बधिर होतात.

दोन्ही गोष्टी एकाच चुकीतून होतात: जाळी पायाच्या नंबरावर घेतली गेली. जाळीला पाय नव्हे, बुटाचा बाहेरचा घेर लागतो. जाड अस्तराचा बूट त्याच नंबरच्या साध्या बुटापेक्षा बराच लांब-रुंद असतो, म्हणून बहुधा एक नंबर मोठी जाळी लागते. दुकानात जाताना बूटच बरोबर न्या.

नीट बसलेली जाळी अशी ओळखा. पुढची पट्टी बुटाच्या नाकावर टेकलेली, खिळ्यांचा पट्टा बरोबर चवड्याखाली, बाजूचं रबर थोडं ताणलेलं, आणि एकही कडी सोलच्या कडेबाहेर आलेली नाही. कडी बाहेर आली की तिच्यावरच पाय पडतो. तुमची जाळी सैल आहे, किंवा बुटाची टाच गोलाकार आहे. पायाच्या वरून एक वेलक्रोचा पट्टा घेतलात तर चिखलासारख्या पाणथळ बर्फातही निसटणार नाही. पतीच्या बाबतीत घट्ट रबर बुटाचं अस्तर दाबतं. ऊब अस्तरात अडकलेल्या हवेची असते. अस्तर दबलं की ती हवा जाते, आणि वर रक्ताभिसरणही मंदावतं.

जाळी उबेतच चढवा. थंडीत रबर ताठर होतं आणि ओढताना फाटतं. गाडीच्या सीटवर बसून, पाय बाहेर काढून चढवायची; चढवून गाडी मात्र चालवायची नाही. काठावर पोहोचल्यावर बघू, असं म्हणू नका. उतरणीचा बर्फ चाकांनी आणि पावलांनी घासून तळ्यापेक्षाही गुळगुळीत झालेला असतो.

प्रश्न : दातांच्या साखळीखाली हिमाचे गोळे साठतात आणि उंच टाचांचे बूट घातल्यासारखं होतं. उपाय?

तापमान शून्याच्या आसपास असताना ओलसर हिम धातूला चिकटतं आणि प्रत्येक पावलाला दाबलं जाऊन गोळा वाढतो. दात झाकले गेले की पकड शून्य. चालण्याआधी साखळीला सिलिकॉनचा फवारा मारल्याने थोडा वेळ फरक पडतो, पण दर काही पावलांनी काठीने बुटाच्या बाजूवर ठोकून गोळा पाडणं हाच खात्रीचा मार्ग. अशा दिवशी वर फक्त पातळ हिम असेल तर साखळी काढून आखूड खिळ्यांची जाळी घाला; तिच्यात हिम अडकायला जागाच कमी असते.

प्रश्न : तंबूच्या आत खिळे ठेवावेत की काढावेत? भोकाभोवतीच सगळ्यात जास्त घसरायला होतं.

तंबूला कापडी तळ असेल तर काढा, नाहीतर तळाची चाळण होईल. तळ नसेल तर ठेवा, पण दोरी, मासे शोधायच्या यंत्राची केबल आणि तंबूची झालर यांवर पाय देऊ नका. खिळा दोरीला नुसता घासला तरी ती तिथे कमजोर होते, आणि ते कळतं मोठा मासा ओढताना.

भोकाभोवती पाणी उसळून येतं, गोठतं आणि चकचकीत थर धरतं. पाडताना निघालेला बर्फाचा कीस फेकून देऊ नका. उसळलेलं पाणी आधी झाऱ्याने बाजूला सारा, मग तो कीस उभं राहायच्या जागी पसरून पायाने दाबा. खरखरीत थर तयार होतो. चकचकीत जागा पहारीने खरवडली तरी चालते. वाळू किंवा राख टाकू नका: गडद कण उन्हाने तापून बर्फ वितळवतात आणि शेवटी सगळं पाण्यात जातं.

प्रश्न : वडील सत्तरीचे आहेत. त्यांना न्यायचं असेल तर खिळ्यांव्यतिरिक्त काय?

दोन काठ्या, कार्बाइड टोकांच्या, टोकावरची रबरी टोपी काढलेल्या. पावलं आखूड, गुडघे किंचित वाकलेले, तळवा एकदम सपाट टेकवायचा आणि भार पुढच्या पायावर. हात खिशात नकोत. सामान तुम्ही ओढा. डोक्याला हेल्मेट सुचवलं तर ते हसतील, तरी सुचवून पाहा.

प्रश्न : चांगले खिळे असले तर पातळ बर्फावरही बेताने चालता येतं, असं एकाने सांगितलं. खरं का?

साफ चूक. खिळे घसरणं थांबवतात. बर्फ फुटणं त्यांच्या हातात नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटाचा नैसर्गिक संसाधन विभाग पायी चालायला किमान ४ इंच, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर, नव्या स्वच्छ बर्फाची जाडी सांगतो. पांढरा, हिममिश्रित बर्फ असेल तर दुप्पट. जाडी एकाच तळ्यात जागोजागी बदलते, म्हणून पुढे जाताना पहारीने ठोकत जा आणि मधूनमधून भोक पाडून मोजा.

गळ्यात बर्फात रोवायचे दोन टोचे लटकवलेले हवेत, बॅगेत नव्हे. पाण्यात पडलात तर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं, हातपाय कामाचे राहतात ती पुढची साधारण दहा मिनिटं. ज्या बाजूने आलात तिकडे तोंड करा, टोचे रोवा, पाय पाण्यात आडवे मारत पोटावर सरका, आणि बाहेर आल्यावर उभं न राहता लोळत दूर जा.

प्रश्न : हंगाम संपल्यावर क्लीटची निगा कशी राखावी? दातांना धार लावता येते का?

गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः मीठ टाकलेल्या रस्त्यावरून चालला असाल तर. पूर्ण वाळवून उन्हापासून दूर, न ताणता ठेवा. पोलादी दातांना हातातल्या सपाट कानशीने, टोकाच्या दिशेने, थोडीच धार द्या. ग्राइंडरला लावू नका. तापून पोलादाचं पाणी उतरतं आणि दात वाकू लागतो. कार्बाइडला कानस लागत नाही. टोक गोल झालं की खिळा बदला. रबर दोन्ही हातांनी ताणून कड्यांच्या भोकांपाशी बारीक चिरा पाहा, फाटायला तिथूनच सुरुवात होते. चीर दिसली तर ती जाळी बाद करा. बर्फावर जाताना खिशात चार प्लॅस्टिकचे टाय असू द्या. कडी तुटली तर काठापर्यंत परत येण्यापुरतं काम भागतं.