वाचकांचे प्रश्न : खिडकीचे ब्लाइंड, खारा वारा आणि खान्देशचं ऊन

खिडकीच्या ब्लाइंडबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. बहुतेकांनी कापडाचा रंग आणि दर विचारला आहे. तक्रारी मात्र ब्रॅकेट, स्क्रू, माप आणि भिंत यांच्याच आहेत, म्हणून उत्तरांचा भरही तिथेच आहे.

प्रश्न : मुलाने सुरतेला डुमसच्या बाजूला नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आहे. चार खिडक्या आणि गॅलरीचा आठ फुटी सरकता दरवाजा आहे. समुद्राकडून थेट वारा येतो. आधीच्या भाड्याच्या घरातले रोलर ब्लाइंड वर्षभरात गंजले, चेन अडकू लागली. आता कोणते घ्यावेत? इकडेच करून घेतले आणि रेल्वेने नेले तर चालेल का?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : समुद्राच्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण येतात. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं. त्यामुळे पाऊस नसतानाही ब्रॅकेटवर खारट ओल राहते आणि मुलामा दिलेलं लोखंडही काही महिन्यांत फुटतं. समुद्रकिनाऱ्याच्या घरात कापड आठ-दहा वर्षं टिकेल, पण त्याला धरून ठेवणारा बारका स्क्रू दुसऱ्या पावसाळ्यात जाईल, हे लक्षात ठेवून खरेदी करा.

दुकानात जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. ट्यूब, खालची पट्टी, ब्रॅकेट, चेन आणि स्क्रू, प्रत्येकाला लावून पाहा. घट्ट चिकटलं तर आत साधं लोखंड आहे, वरचा पांढरा रंग कितीही चकचकीत असो. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. चांगल्या स्टेनलेस स्टीललाही चिकटत नाही, फार तर किंचित ओढ जाणवते. मात्र स्टेनलेसमध्ये 304 आणि 316 असे दोन प्रकार मिळतात आणि त्यांच्यातला फरक चुंबकाला कळत नाही. 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला जास्त तोंड देतं. 304 वर किनाऱ्याजवळ चहासारखे तपकिरी डाग पडतात. म्हणून पाकिटावर 316 किंवा ए-4 लिहिलेले स्क्रू मागा. ए-2 म्हणजे 304.

चारही खिडक्यांना रोलर ब्लाइंडच बसवा. ट्यूब आणि खालची पट्टी ॲल्युमिनियमची, पावडर कोटिंग किंवा ॲनोडाइझ केलेली हवी. चेन प्लास्टिकच्या मण्यांची घ्या. मुलाच्या आधीच्या घरात अडकली ती बहुधा निकेल चढवलेली लोखंडी मणीचेन असावी. तिचा एखादा मणी गंजून फुगला की तो क्लचच्या, म्हणजे ट्यूब फिरवणाऱ्या टोकाच्या चाकाच्या, दात्यात बसत नाही, आणि माणूस जोर लावतो तेव्हा क्लचच तुटतो. बिनचेनचे, खाली ओढले की सुटणारे स्प्रिंगचे ब्लाइंड इथे टाळा. ती स्प्रिंग पोलादी असते आणि ट्यूबच्या आत असल्यामुळे पुसताही येत नाही.

ट्यूब हव्या त्या लांबीची कापली की कापलेल्या कडेवर कोटिंग राहत नाही. खारी हवा तिथूनच आत शिरते आणि कोटिंगखाली पांढरी भुकटी धरते. कारागिराला त्या कडांना पारदर्शक लॅकरचा हात द्यायला सांगा, काम दोन मिनिटांचं आहे. ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटला साधा लोखंडी स्क्रू कधीच लावू देऊ नका. स्टेनलेसचा लावतानाही मध्ये नायलॉनचा वायसर घाला. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलीत एकमेकांना टेकले की त्यातला ॲल्युमिनियम झिजत जातो आणि भोक मोठं होऊन ब्रॅकेट डुगडुगू लागतं.

कापड पॉलिएस्टरवर पीव्हीसीचं आवरण असलेलं सनस्क्रीन घ्या. सुती, ज्यूट आणि बांबू दमट हवेत काळे पडतात, लाकडी पट्ट्या वाकतात. सनस्क्रीनवर 3 टक्के, 5 टक्के असं लिहिलेलं असतं. तो विणीतल्या उघड्या छिद्रांचा वाटा. पश्चिमेला 3 टक्के, बाकीकडे 5 टक्के पुरे. गडद कापडातून बाहेरचं स्पष्ट दिसतं, फिक्या कापडाने उष्णता जास्त परतते पण डोळ्यांवर उजेड येतो. रात्री दिवे लागले की सनस्क्रीनमधून बाहेरच्याला आतलं दिसतं, तेव्हा झोपायच्या खोलीत मागे साधा पडदा ठेवा.

आठ फुटी दरवाज्याला एकच ब्लाइंड करू नका. इतकी लांब ट्यूब मध्ये झोळ धरते आणि कापडावर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या सुरकुत्या येतात. चार-चार फुटांचे दोन करा आणि त्यांच्यातली फट दरवाज्याच्या उभ्या चौकटीवर येईल असं बघा. उभ्या पट्ट्यांचे व्हर्टिकल ब्लाइंड वाऱ्यात खडखडतात आणि खालच्या साखळ्या गुंततात, ते नकोतच. दार उघडं ठेवायचं असेल तर खालची पट्टी अडकवायला दोन्ही बाजूंना होल्ड-डाउन क्लिप लावा.

इकडे करून न्यायला हरकत नाही. चार फुटांचा ब्लाइंड पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून सहज जातो. पण माप तिथे जो बसवणार आहे त्यानेच घ्यावं, आणि बिलावर ट्यूब, चेन व स्क्रूचा धातू लिहून घ्यावा. पुढे दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने ब्रॅकेट आणि खालची पट्टी पुसून कोरडी करायची. तेल किंवा ग्रीस लावू नका, त्यावर खारट धूळ चिकटून राबडी होते.

प्रश्न : घरी माप घेऊन ब्लाइंड मागवले. ते प्रत्येक बाजूने अर्धा-पाऊण इंच कमी आले. दुकानदार म्हणतो, माप तुम्हीच दिलं. चूक कुणाची?
— एक वाचिका, अमळनेर

उत्तर : अशा वेळी बहुतेकदा दोघांनीही सूट धरलेली असते. ब्लाइंड चौकटीच्या आत सहज बसावा म्हणून तुम्ही तीन-चार सूत कमी करून माप लिहिता, आणि कारखाना ते भिंतीपासून भिंतीचं माप समजून पुन्हा तितकंच कमी करतो. शिवाय कापड ब्रॅकेटपेक्षा एकूण 30 ते 35 मिलिमीटर अरुंद असतंच, कारण एका टोकाला क्लच आणि दुसऱ्या टोकाला पिन बसते. तिन्ही मिळून मोठी फट दिसते.

आतल्या मापासाठी रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या. समजा 47 इंच 6 सूत, 47 इंच 4 सूत आणि 47 इंच 5 सूत आली, तर सगळ्यात कमी, म्हणजे 47 इंच 4 सूत लिहा. स्वतः काहीही वजा करू नका. समोर स्पष्ट लिहा : ‘भिंतीआतलं माप, सूट कारखान्याने धरावी.’ उंचीचं मात्र सगळ्यात जास्त माप द्या, कापड पूर्ण खाली आल्यावरही ट्यूबवर दीड-दोन वेढे राहायला हवेत. सुताचा हिशेब मिलिमीटरमध्ये द्यायचा तर एक सूत 3.2 मिलिमीटर धरा आणि सगळं माप एकाच पद्धतीत लिहा. अर्धं इंचात, अर्धं मिलिमीटरमध्ये असलेल्या चिठ्ठीवर चूक होणारच.

चौकटीच्या आत किमान तीन इंच खोली आहे का, आणि सरकत्या खिडकीचं हँडल किंवा जाळीची कडी मध्ये येते का, हेही पाहा. अंधार हवा असेल तर आत बसवूच नका. बाहेरून, दोन्ही बाजूंना तीन ते चार इंच आणि वर चार ते सहा इंच जास्त घेऊन भिंतीवर लावा. दर चौरस फुटावर असतो : 48 गुणिले 54 इंच भागिले 144, म्हणजे 18 चौरस फूट. लहान खिडकीला दुकानदार किमान क्षेत्रफळ धरून पैसे लावतात, तो आकडा आधीच विचारा.

प्रश्न : पश्चिमेच्या खिडकीला जाड ब्लॅकआउट लावला, तरी मे महिन्यात खोली भट्टीसारखीच. त्यात खिडकीची रिफ्लेक्टिव्ह काच आपोआप तडकली. ब्लाइंडचा संबंध असेल का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : असू शकतो. ऊन काचेतून आत येऊन कापडावर पडलं की कापड तापतं आणि ती उष्णता खोलीतच सुटते. मागची बाजू पांढरी किंवा चंदेरी असेल तरच त्यातला काही भाग काचेतून परत बाहेर जातो. तुमचा ब्लाइंड दोन्हीकडून तपकिरी असेल, तर त्याने अंधार केला, गारवा केला नाही.

रंगीत किंवा रिफ्लेक्टिव्ह काच स्वतःच पुष्कळ उष्णता शोषते. मागे कापड घट्ट टेकलेलं असलं की कोंडलेल्या हवेने काचेचा मधला भाग आणखी तापतो, तर चौकटीत दबलेली कड त्या मानाने थंड राहते. या फरकाने काच फुटते. तडा कडेपासून काटकोनात निघून मग वाकडा गेला असेल तर कारण हेच समजा. काच आणि कापडात किमान दोन इंच अंतर ठेवा, वर-खाली हवा जायला तेवढीच फट सोडा.

भुसावळ-जळगावच्या 45 अंशांच्या उन्हाला खरा अडसर काचेच्या बाहेरच घालायला हवा. बांबूची चिक किंवा शेतात वापरतात तीच 75 टक्क्यांची शेडनेट भिंतीपासून सहा इंच पुढे बांधा आणि खालची कड दोरीने ताणून ठेवा, नाहीतर वावधनात उडेल. आतला ब्लाइंड त्यानंतरचा. आपण 21 अंश अक्षांशावर आहोत. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि मावळतो पश्चिमेच्या उत्तरेला सरकून. म्हणून त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीत जवळजवळ ऊन येत नाही, उत्तरेच्या खिडकीत मात्र सकाळ-संध्याकाळ तिरपं येतं. दक्षिणेवर खर्च करण्याआधी हे आठवा. तिथलं थंडीतलं ऊन तर हवंहवंसंच असतं.

वाळ्याचे ताटे पाणी मारून लावले तर आपल्या कोरड्या उन्हाळ्यात आजही उत्तम काम करतात. सुरतेच्या दमट हवेत तेच ताटे निरुपयोगी, पाणी उडतच नाही तर गारवा कुठून येणार?

प्रश्न : ब्रॅकेट भिंतीतून गिट्टीसकट निघून आलं. दुसरा ब्लाइंड गुंडाळताना डावीकडे सरकतो आणि कापडाची कड फाटते. आखाजीला लेकी-नातवंडं येतील, त्याआधी काम उरकायचं आहे.
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : गिट्टी निघाली म्हणजे ती निव्वळ गिलाव्यात बसली होती. आतला गिलावा साधारण अर्धा इंच असतो. 6 मिलिमीटरच्या बिटने 45 मिलिमीटर खोल भोक पाडा, आतली धूळ फुंकून काढा आणि 40 मिलिमीटरची नायलॉन गिट्टी गिलाव्याच्या आत जाईल अशी ठोका. धूळ राहिली तर गिट्टी फुगत नाही, नुसती फिरते. खिडकीवर काँक्रीटची लिंटेल असते, तिथे हॅमर ड्रिल लागतं. बिट मध्येच सळईला लागलं तर जोर न लावता भोक इंचभर बाजूला घ्या. हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या (एएसी) ब्लॉकच्या भिंतीत हॅमर बंद ठेवा आणि लांब गिट्टी वापरा. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतीत गिट्टी धरतच नाही. तिथे खिडकीवरच्या लाकडी तुळईला तीन इंच रुंद सागवानी पट्टी ठोकून ब्रॅकेट तिच्यावर बसवा.

कापड सरकतं त्याचं पहिलं कारण ट्यूब समपातळीत नसणं. लेव्हल ट्यूबवर ठेवून पाहा, चौकटीवर नको, कारण चौकट स्वतःच वाकडी असू शकते. पातळी बरोबर असूनही कापड डावीकडेच जात असेल तर ब्लाइंड पूर्ण खाली सोडा आणि ट्यूबच्या उजव्या टोकाला मास्किंग टेपचा दोन इंची तुकडा चिकटवा. तिथली जाडी किंचित वाढते, ती बाजू थोडी जास्त ओढली जाते आणि कापड उजवीकडे येतं. एका तुकड्याने भागलं नाही तर त्यावरच दुसरा लावा.

प्रश्न : घरात दोन वर्षांचं बाळ आहे. लोंबणारी चेन धोक्याची आहे का?
— एक वाचिका, चोपडा

उत्तर : हो, गळ्यात फास बसू शकतो. चेनबरोबर येणारी प्लास्टिकची पकड बहुतेक जण खोक्यातच टाकून देतात. ती आजच भिंतीला स्क्रूने लावा आणि चेन तिच्यात ताठ बसवा, म्हणजे फास उरत नाही. दोरीचा ब्लाइंड असेल तर खुंटी जमिनीपासून पाच फुटांवर लावून दोरी तिला गुंडाळा. खिडकीखालचा पलंग किंवा खुर्ची हलवा.

प्रश्न : दापोलीजवळ घर आहे, वर्षातून तीनदाच जाणं होतं. पावसाळ्यानंतर ब्लाइंडवर काळे ठिपके आणि कुबट वास.
— एक वाचक, धुळे

उत्तर : रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. बंद घरात गुंडाळलेल्या कापडाच्या वेढ्यांत ओल अडकली की बुरशी धरते. जूनमध्ये घर बंद करताना ब्लाइंड पूर्ण खाली सोडून जा, आणि कापड ओलं असताना कधीच गुंडाळू नका. ठिपके असलेलं कापड उघड्यावर उन्हात नेऊन आधी सुक्या ब्रशने झाडा, तोंडाला फडकं बांधून. मग बादलीभर कोमट पाण्यात दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड घालून स्पंजने वरून खाली पुसा, स्वच्छ पाण्याचा हात द्या आणि लोंबतं ठेवूनच वाळवा. ब्लीच वापरायचं तर आधी कोपऱ्यात थेंब टाकून पाहा, ब्लॅकआउटच्या आवरणावर अजिबात नको, ते चिरतं. ठिपके विणीत खोल गेले असतील तर डाग जात नाही. तेव्हा फक्त कापड बदलून घ्या. ट्यूब आणि क्लच चांगले असतील तर जुन्या ट्यूबवर नवं कापड चढवून मिळतं, मात्र ट्यूबची जुनी चिकटपट्टी पूर्ण खरवडून काढायला सांगा.