प्राचीन चीन आणि युरोपचा संपर्क डीएनएवरून सिद्ध होतो का?

थोडक्यात सांगायचं तर हो, पण ज्या ममींचं नाव लोक नेहमी घेतात त्यांच्यावरून नाही. चीनच्या वायव्येकडच्या शिनजियांगमधल्या तारीम खोऱ्यात वाळवंटात सापडलेल्या सुमारे 4000 वर्षं जुन्या ममी, लोकरीचे कपडे, चेहरेपट्टी वेगळी, म्हणून सगळ्यांना वाटायचं की हे लोक पश्चिमेकडून आले असणार. 2021 मध्ये त्यातल्या 13 जणांचा जीनोम (संपूर्ण डीएनए) तपासला तर ते तिथलेच निघाले, हिमयुगातल्या उत्तर युरेशियन लोकांचे वंशज! मला हे फार भारी वाटतं, कारण हेच लोक गहू खायचे, दूध प्यायचे, म्हणजे बाहेरच्या गोष्टी घेतल्या पण रक्त मिसळलं नाही.

खरा पुरावा जरा उत्तरेला, झुंगेरियात. तिथल्या सुमारे 5000 वर्षांपूर्वीच्या लोकांमध्ये अफानासिएव्हो (दक्षिण सायबेरियातले प्राचीन पशुपालक) वंश सापडलाय, आणि हे अफानासिएव्हो लोक युरोपच्या पूर्वेकडच्या गवताळ प्रदेशातल्या याम्नाया पशुपालकांचे नातलग.

अजून एक केस म्हणजे यू होंग, मूळचा मध्य आशियातला पण चीनमध्ये अधिकारी असलेला माणूस. 592 साली वारला, कबर थेट शान्शी प्रांतातल्या तायुआनला सापडली, आणि त्याचा आईकडून आलेला डीएनए यू5 गटाचा, जो युरोपात सगळ्यात जुन्या गटांपैकी आहे. बायकोचा मात्र पूर्व आशियातला.

आणि ते गान्सूच्या लिचियान गावातले लोक रोमन सैनिकांचे वंशज असल्याचं जे फिरतं त्यावर प्लीज विश्वास ठेवू नका, वाय क्रोमोसोम (वडिलांकडून मुलाला मिळणारा डीएनए) तपासलाय, ते हान चिनी लोकांच्याच जवळचे आहेत.