जपानच्या विद्यापीठात शिकवायला जाताना

दापोलीहून थेट जपानच्या विद्यापीठात रुजू होणार आहात, तेव्हा पहिली काळजी कागदपत्रांची घ्या. पदवी प्रमाणपत्र माळ्यावरच्या पेटीत असेल, तर ते आजच काढून पाहा. आपल्याकडचा पावसाळा कागदाला सोडत नाही, आणि माझ्या प्रमाणपत्रावरचा शिक्का बुरशीने इतका पुसट झाला होता की दुय्यम प्रत मिळवण्यात दोन महिने गेले.

नेमणूकपत्रात पगाराच्या आकड्याआधी मुदत वाचा. १९८२च्या कायद्याने तेथील राष्ट्रीय व सार्वजनिक विद्यापीठांत परदेशी व्यक्तींना नियमित प्राध्यापक होण्याची वाट मोकळी झाली, तरी अनेकांच्या हाती मुदतीचाच करार पडतो. एरवी सलग ५ वर्षांहून अधिक काळ असे करार झाल्यास कायम कराराची मागणी करता येते. विद्यापीठीय अध्यापकांसाठी मात्र ही मर्यादा १० वर्षांपर्यंत वाढवलेली आहे, त्यामुळे नूतनीकरण किती वेळा होईल हे रुजू होण्यापूर्वीच लेखी विचारून घ्या. मी संकोचापोटी विचारले नाही आणि तिसऱ्या वर्षी सामान बांधले.

शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते व तास बहुधा ९० मिनिटांचा असतो. प्रश्नावर वर्ग गप्प बसला, तर विद्यार्थ्यांना आधी शेजाऱ्याशी दोन मिनिटे बोलू द्या. मग उत्तरे येतात.

जेवणाचे फारसे अडत नाही. बांगड्याचा भाऊबंद साबा सर्वत्र मिळतो, आमसुलाची आठवण उमेबोशीच्या, म्हणजे मिठात मुरवलेल्या जपानी फळाच्या, आंबटपणावर भागते. हापूसची पेटी मात्र नेऊ नका. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि ते नसेल तर पेटी विमानतळावरच राहते.