आराखड्याआधी बसमध्ये बस

गोव्याच्या वाहतुकीचा आराखडा करायचाय ना, मग नकाशा नंतर उघड. आधी आठवडाभर पणजी-वाळपई बसने ये-जा कर आणि संध्याकाळची शेवटची बस कितीला सुटते ते टिपून ठेव. ती चुकली की वाळपईकडच्या सत्तरी तालुक्यातल्या कामगार बाईपुढे पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, नाहीतर कुणाची तरी गाडी, एवढेच उरते. आपण मात्र गाड्यांचा वेग मोजत बसतो! 2019 साली पणजीत मांडवीवर अटल सेतू झाला, गाड्या सुसाट सुटल्या. चोडण बेटावरची माणसे अजून रायबंदरला फेरीबोटीनेच येतात. म्हणून किती माणसे पोचली ते मोज. धूरही माणशीच धर, भरलेली कदंब, म्हणजे सरकारी बस, तिथे सहज जिंकते. आणि हो, खाजन, म्हणजे खाडीकाठच्या सखल, बांध घातलेल्या जमिनीत भराव घालून रस्ता सुचवलास तर पावसाळ्यात तुंबलेले पाणी बघायला तूच जा.